सोलो अजून झाली नाही, म्हणजे मी मागे पडले का?

प्रश्न : प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी शिकतेय. उड्डाणाचे 18 तास झाले, तरी सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकटीने पहिलं उड्डाण, नाही. माझ्यानंतर आलेल्या मुलाची झाली. लँडिंगला माझं विमान हमखास उसळतं. घरी रोज तीन तास कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालवते, पण फरक पडत नाही. हे क्षेत्र सोडू का?

उत्तर : 18 तासांवर असा निर्णय घ्यायचा नसतो. आंतरराष्ट्रीय निकषात या लायसन्ससाठी साधारण 40 तास धरलेत, आणि तोही किमान आकडा आहे. सोलो कितव्या तासाला झाली, हे काही लायसन्सवर छापत नाहीत.

मला खटकले ते रोजचे तीन तास. पडद्यावर जमीन अंगावर येत नाही, डोळ्यांच्या कडेला काही सरकत नाही. मग नजर समोरच्या यंत्रांच्या काट्यांना चिकटते आणि तीच सवय घेऊन तू विमानात बसतेस. लँडिंगच्या शेवटच्या क्षणी नजर धावपट्टीच्या पार टोकाकडे हवी. नाकासमोरची जमीन बघत राहिलीस, की ती अचानक वर आल्यासारखी वाटते, हात दचकतो आणि विमानाचं नाक झटक्यात वर ओढलं जातं. वेग जास्त असेल, तर उसळी ठरलेलीच. उसळल्यावर नाक खाली दाबू नकोस. पुढची आपटी त्याहून वाईट बसते. पॉवर दे आणि गो-अराउंड कर, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर जा. त्यात कमीपणा कसला?

सिम्युलेटर ठेव, पण आठवड्यातून एखाद्या वेळी, क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे दूरच्या उड्डाणाचा, मार्ग आधी बघून घ्यायला. रोज मात्र साध्या खुर्चीवर बस, डोळे मिट आणि अख्खं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची उतरण्यापर्यंतची फेरी, मोठ्याने बोलत कर. डाउनविंड (धावपट्टीला समांतर टप्पा), पॉवर कमी, फ्लॅप, ट्रिम, बेसवर (त्यानंतरच्या आडव्या टप्प्यावर) वळण, रेडिओ कॉल. हातही त्या त्या जागी गेला पाहिजे. घरचे हसतील, हसू देत. जिथे अडखळशील, तिथेच हवेत तुझं डोकं गोठतंय असं समज. हा क्रम हाताला बसला, की विमानात बाहेर बघायला डोकं मोकळं राहतं.

दोन धड्यांत तीन आठवड्यांचा खंड पडू देऊ नकोस. त्यापेक्षा जवळजवळचे छोटे धडे घे.

पुढच्या खेपेला इन्स्ट्रक्टरना सांग, ‘एक लँडिंग तुम्ही करा, मी फक्त कंट्रोलवर हलका हात ठेवते.’ त्या वेळी एकही काटा बघू नकोस. टोकाकडेच बघ.