लाइनच नाही, मग अर्थिंगची घाई कशाला?

प्रश्न : कुपवाडला माझी छोटी फाउंड्री आहे. ११ केव्हीचा ५०० केव्हीए ट्रान्सफॉर्मर बसवतोय. तो चौथऱ्यावर चढलाय, उद्यापासून तेलाचं फिल्ट्रेशन. ठेकेदार म्हणतो, ‘लाइन जोडलेलीच नाही, अर्थिंग चार्जिंगच्या (पहिल्यांदा वीज सोडण्याच्या) आदल्या दिवशी करू.’ अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रीडिंग ऑगस्टमध्ये १ ओहमच्या आत आलंय. थांबलो तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. ठेकेदाराला चहा पाजा आणि फिल्ट्रेशनच्या आधी अर्थिंगच्या पट्ट्या जोडून घ्या.

उभारणीच्या कामात माझी ३१ वर्षं गेली. चालू लाइनजवळ माणूस बिचकून वागतो. घात होतो तो ‘बंद’ लाइनवर. एकदा ११ केव्हीच्या केबलला आम्ही मेगर मारला, म्हणजे इन्सुलेशन तपासायला जास्त व्होल्टेज दिलं. पोऱ्यानं साठलेली वीज अर्थला उतरवणारा डिस्चार्ज रॉड टेकवला, ठिणगी उडाली, ‘झालं साहेब’ म्हणून त्यानं रॉड काढला. दहा मिनिटांनी मी केबलच्या टोकाचा लग आवळायला हात घातला आणि थेट मागच्या केबल ड्रमवर जाऊन आपटलो. इन्सुलेशनमध्ये मुरलेला चार्ज रॉड काढल्यावर हळूहळू टोकाशी परत येतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. खांद्याला ते त्या दिवशी कळलं. तेव्हापासून टेस्ट संपली की तिन्ही टोकं शॉर्ट करून अर्थला बांधूनच ठेवतो.

तुमच्याकडे तर आणखी दोन कारणं आहेत. होजमधून तेल वाहताना स्थिर वीज साठते, म्हणून टाकी, फिल्टर मशीन आणि शॉर्ट केलेली बुशिंगं (तारा जोडायची पोर्सलीनची टोकं), तिन्ही अर्थ हवीत. दुसरं, फाउंड्री म्हटल्यावर जनरेटर असणारच. ट्रान्सफॉर्मरला उलटं-सुलटं कळत नाही. एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूनं चुकून ४१५ व्होल्ट आले, तर ११ केव्हीच्या बुशिंगवर साडेदहा हजार उभे राहतात, आणि तिथे कुणीतरी कापडानं पोर्सलीन पुसत असतं.

बॉडीला दोन स्वतंत्र पट्ट्या, दोन वेगळ्या जागी, खालचा रंग खरवडून. दोन्ही एकाच बोल्टखाली दाबलेल्या मी पाहिल्या आहेत. तो बोल्ट ढिला झाला की दोन्ही गेल्या! न्यूट्रलच्या दोन वेगळ्या.

रीडिंगवर फार खूश होऊ नका. तुमच्याकडची काळी माती पावसात गुण दाखवते, उन्हाळ्यात भेगाळून पिटमधला इलेक्ट्रोड सोडते. मे महिन्यात पुन्हा मोजा. आणि १ ओहममधून १,००० अँपिअर फॉल्ट करंट गेला, तर अर्थिंगला जोडलेलं सगळं १,००० व्होल्टनं वर चढतं. म्हणून कुंपण, फाटक, स्ट्रक्चर एकाच अर्थ रिंगला बांधा आणि आवारात खडी पसरा. ओल्या मातीवर उभ्या माणसापेक्षा खडीवरचा बराच वाचतो.

तात्पुरतं अर्थिंग लावताना आधी टेस्टरनं बघायचं, मग अर्थकडचा क्लॅम्प, आणि शेवटी रॉडनं फेजचा. काढताना उलट क्रम. हे काम परवानाधारक सुपरवायझरसमोरच. तुम्ही हात लावू नका. विद्युत निरीक्षकांची परवानगी आल्यावर चार्जिंगच्या सकाळी मात्र स्वतः जा. तात्पुरत्या अर्थिंगच्या किती लीड (तारा) लावल्या ते पॅनलच्या दारावर खडूनं लिहून ठेवलेलं असू द्या, आणि तेवढ्या काढून खाली आल्याचं मोजल्याशिवाय ब्रेकरला हात लावू देऊ नका.