किटलीचं झाकण आधी, विरजण मग

संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत नासतं म्हणतोस, आणि विरजणातले ‘चांगले जिवाणू’ वाईट जंतूंना मारतील का असं विचारतोस, तर आधी किटलीच्या झाकणातल्या रबराखाली बोट फिरव. पिवळट, बुळबुळीत थर हाताला लागला की समज, जंतू तिथेच मुक्कामाला आहेत. नुसत्या पाण्याने तो निघत नाही. सोडा, ब्रश आणि नंतर कडक ऊन. सड धुऊन कोरडे पूस, पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढ. त्यात गुठळ्या दिसल्या तर त्या सडाचं दूध डेअरीला घालू नकोस. बाकीचं लगेच ४ अंशांपर्यंत गार.

आता तुझे ते ‘चांगले जिवाणू’. विरजणातला लॅक्टोकोकस लॅक्टिस हा जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतो, त्याच्या काही जाती नायसिन हे जंतू मारणारं द्रव्यही बनवतात. लिस्टेरियासारख्या रोगजंतूंना ते मारक, पण ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूवर एकट्या नायसिनचं फारसं चालत नाही. शिवाय स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष एकदा दुधात उतरलं की उकळूनही जात नाही, मग विरजण काय करणार? म्हणून दूध उकळ, कोमट होऊ दे, मगच विरजण लाव. चांगल्यांना मैदान मोकळं मिळतं. दह्याला तार सुटली की मी विरजण बदलतो. घरचे कुरकुरतात, करू देत.