वाचकांचे प्रश्न : कॅप्टन आन्झा आणि कॅलिफोर्नियाची वाट

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत आमच्या घराजवळ डी आन्झा कॉलेज आहे. हे डी आन्झा कोण म्हणून शोधले, तर जन्मसाल कुठे 1693 मिळते, कुठे 1736. खरे कोणते?

उत्तर : दोन्ही खरी, कारण माणसे दोन आहेत. बाप-लेकाचे नाव एकच, हुआन बाऊतिस्ता दे आन्झा. वडील 1693 साली स्पेनमधल्या एर्नानी या बास्क गावात जन्मले आणि आज मेक्सिकोत असलेल्या, तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या सोनोरात फ्रोंतेरासच्या लष्करी ठाण्याचे कॅप्टन झाले. 1740 मध्ये अपाचे या तिथल्या आदिवासी जमातीच्या हल्ल्यात ते मारले गेले, तेव्हा मुलाला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. कॉलेजला नाव आहे ते या मुलाचे. तो 1736 मध्ये सोनोरातच जन्मला, म्हणजे सैन्य स्पेनच्या राजाचे, पण अधिकारी तिथल्याच मातीतला. 1755 मध्ये लेफ्टनंट, 1760 मध्ये तुबाक (आजच्या ॲरिझोनात) ठाण्याचा कॅप्टन, 1774 मध्ये लेफ्टनंट कर्नल, 1778 पासून जवळजवळ दहा वर्षे न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर आणि 19 डिसेंबर 1788 रोजी आरिस्पे इथे मृत्यू, अशी त्याची कारकीर्द. तुमच्या गावाशी त्याचा संबंध नुसत्या पाटीपुरता नाही. मार्च 1776 मध्ये त्याची तुकडी तिथल्या ओढ्याकाठी मुक्कामाला होती. ओढ्याला तेव्हा दिलेल्या नावावरूनच पुढे गावाचे नाव पडले.

प्रश्न : 1775 मध्ये त्याने बायकामुलांसह वाळवंट ओलांडले आणि वाटेत एकच मृत्यू झाला, असे वाचले. हे जमले कसे?

उत्तर : सोनोरातून कॅलिफोर्नियाला जमिनीवरची वाट शोधायला काढलेली 1774 ची पहिली फेरी फसता फसता वाचली होती, तिथून सुरुवात करायला हवी. त्या वर्षी 8 जानेवारीला तो 20 सैनिक, 35 खेचरे, 65 गुरे आणि 140 घोडे घेऊन तुबाकहून निघाला. कोलोराडो नदीपलीकडे वाळूच्या टेकड्या लागल्या. लादलेली खेचरे वाळूत रुतू लागली, चारा-पाणी मिळेना, वाट सापडेना. हट्टाने पुढे न जाता तो नदीवर परतला, निम्मे सामान आणि काही माणसे नदीकाठच्या युमा जमातीचा प्रमुख पाल्मा याच्याकडे ठेवली आणि हलक्या ओझ्याने टेकड्यांना दक्षिणेकडून वळसा घातला. 22 मार्चला तो कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएल मिशनला, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या ठाण्याला, पोहोचला. या माघारीत त्याचा मोठेपणा दिसतो. मानाला जपणारे कितीतरी अधिकारी अशा जागी माणसे गमावून बसले.

दुसऱ्या फेरीत सॅन फ्रान्सिस्कोला वसायला निघालेले सुमारे 240 वसाहतकरी होते आणि त्यांतली निम्म्याहून जास्त मुले. हे लोक कुलियाकान, सिनालोआ भागातले अगदी गरीब. पगार रोख दिला तर जुगारात उडेल, म्हणून तो आगाऊ कपड्यांत आणि शिध्यात द्यावा असे आन्झाने सुचवले आणि व्हाइसरॉय बुकारेली यांनी ते मान्य केले. प्रत्येक पुरुषाला तीन सदरे, दोन जोड बूट, तीन जोड पायताणे, एक अंगावर घ्यायचा डगला आणि टोपी. पीठ, मक्याचे पीठ, घेवडा, साखर, चॉकलेट असा सुमारे सहा टन शिधा रोज सकाळी खेचरांवर चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. तळ हलायला उशीर व्हायचा तो यामुळेच. पुढे चार टेहळे, मग आन्झा, मग पाद्री पेद्रो फोंत, त्यामागे कुटुंबे आणि पिछाडीला सैनिक. लादलेली खेचरे, मोकळे घोडे आणि गुरे सर्वांत मागे.

23 ऑक्टोबर 1775 ला तुबाक सोडले आणि पहिल्याच रात्री मारिया मानुएला पिन्युएलास ही स्त्री बाळंतपणात दगावली. बाळ वाचले. वाटेतला एकमेव मृत्यू तो हाच. नोव्हेंबरअखेर कोलोराडो नदीला तीन फाटे फुटतात तिथे पार करण्याजोगा उतार सापडला. बायकामुलांना उंच घोड्यांवर बसवले आणि कोणी वाहून जाऊ नये म्हणून प्रवाहाच्या खालच्या अंगाला घोडेस्वार उभे केले.

खरी कसोटी पुढे होती. वाळवंटातल्या विहिरींना झरा बारीक. सगळा तांडा एकदम आला असता तर पहिल्या शंभरांनीच तळ गाठला असता. म्हणून आन्झाने लोकांचे तीन गट केले, त्यांच्यात एकेक दिवसाचे अंतर ठेवले आणि गुरे वेगळी काढली. पुढचा गट विहीर खोल खणून जाई, रात्रीतून पाणी पुन्हा साठे. माणसे अशी तगली, पण त्या डिसेंबरात बर्फ पडला आणि तहानेने आधीच खंगलेली गुरे थंडीने मेली. नाताळच्या आदल्या रात्री वाटेतच एक मूल जन्मले, तर दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवला नाही. 4 जानेवारी 1776 ला सॅन गॅब्रिएल, 10 मार्चला माँटेरे. 28 मार्चला त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या ठाण्याची जागा निवडली. लोकांना तिथे वसवायचे काम मात्र लेफ्टनंट मोरागाने केले.

प्रश्न : एवढी मेहनत करून उघडलेली वाट लगेच बंद का पडली?

उत्तर : दिलेला शब्द पाळला नाही म्हणून. नदीचा उतार युमांच्या हातात होता. आन्झाने पाल्माला मेक्सिको शहरात नेले, 1777 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, मिशन आणि भेटवस्तूंचे आश्वासन मिळाले. पुढे उत्तरेकडच्या प्रांतांचे सरसेनापती क्रॉइक्स यांनी खर्च वाचवायला बळकट ठाण्याऐवजी मूठभर सैनिकांच्या दोन वसाहती वसवल्या. वसाहतकऱ्यांनी नदीकाठची सुपीक जमीन बळकावली, त्यांच्या जनावरांनी युमांची शेते तुडवली. 17 जुलै 1781 ला उठाव झाला. तिथले पाद्री गार्सेस आणि कॅप्टन रिव्हेरा मारले गेले, वाट तुटली. क्रॉइक्स यांनी ठपका ठेवला तो आन्झावर, युमांचे चित्र फार गोड रंगवले म्हणून. आमच्या मते हा अन्याय आहे. युमांशी कसे वागावे हे आन्झाने करून दाखवले होते. मोडले ते नंतरच्या बचतीने.

प्रश्न : न्यू मेक्सिकोवर हल्ले करणाऱ्या कोमांचे या आदिवासी लोकांशी त्याने आधी लढाई केली, मग तह. हे धोरण की योगायोग?

उत्तर : धोरण. ऑगस्ट 1779 मध्ये तो न्यू मेक्सिकोची राजधानी सांता फेहून सुमारे 600 माणसे घेऊन निघाला. वाटेत यूट आणि हिकारिया अपाचे या कोमांचेविरोधी जमातींचे लोक येऊन मिळाले. धूळ दिसू नये म्हणून नेहमीची वाट सोडून पश्चिमेकडून, सॅन लुईस खोऱ्यातून, बरेचसे रात्रीच कूच केले. 3 सप्टेंबरला कोमांचे प्रमुख कुएर्नो व्हेर्दे लढाईत पडला. 1786 मध्ये दुसरा कोमांचे प्रमुख एकुएराकापा याच्याशी तह झाला. व्यापाराची सोय आणि अपाचेंविरुद्ध मदत असा दोघांचा फायदा त्यात होता, म्हणून तो टिकला.

प्रश्न : अशा अधिकाऱ्याची मूळ सेवानोंद वाचता येते का?

उत्तर : येते. अठराव्या शतकातल्या अशा नोंदींचा मोठा साठा स्पेनमधल्या सिमांकासच्या सरकारी दफ्तरखान्यात आहे; स्पेनच्या पारेस या संकेतस्थळावर बरेच काही फुकट पाहता येते. पानाच्या डोक्याला नाव, वय, जन्मगाव, कुळ आणि प्रकृती असते. डावीकडे प्रत्येक हुद्दा मिळाल्याची तारीख, उजवीकडे त्या हुद्द्यावर काढलेली वर्षे, महिने, दिवस. खाली मोहिमा, आणि तळाला वरिष्ठांचा शेरा : धैर्य, मेहनत, कुवत, वर्तन, विवाहित की अविवाहित. वय नोंदीच्या वर्षाचे असते, म्हणून आधी नोंदीची तारीख पाहा, मगच जन्मसाल काढा. आडनाव ‘एस’ने लिहिलेलेही सापडते, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी शोधा. आणि 1740 च्या आधीची लष्करी कामगिरी दिसली, तर समजा की कागद वडिलांचा आहे.