आधी उसळ वाढा, मग भाकरी

लो कार्ब, म्हणजे धान्य-साखर कमी केलेल्या आहाराबद्दल वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय ४६. बँकेत काउंटरवर काम, दिवसभर बसून. गेल्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.१ आलं. बीपी आणि किडनीचे रिपोर्ट चांगले आहेत, गोळी कुठलीच चालू नाही. व्हिडिओ बघून पोळी, भात, साखर एकदम बंद केली. काकडी, पनीर, बदाम एवढ्यावरच आहे. आठवड्यात दोन किलो उतरले, पण डोकं ठणकतं, रात्री पायात गोळे येतात, पोट साफ होत नाही. सासूबाई म्हणतात, "भाकरीवाचून माणूस जगतो का?" सुरुवात नक्की करायची कशी?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सासूबाईंना सांगा, जगतो, फक्त घरच्यांवर खेकसत जगतो!

आधी त्या दोन किलोंचं बघू. आपलं शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. सगळा मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. धान्य आणि साखर अचानक तोडली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबरचं पाणीही जातं. तुमच्या दोन किलोंत चरबी थोडी, पाणी जास्त. शिवाय इन्सुलिनची पातळी खाली आली की मूत्रपिंडं मीठही बाहेर टाकायला लागतात. डोकेदुखी आणि पायातले गोळे बहुधा त्यातलेच. तुमचं बीपी आणि किडनी ठीक आहे म्हणून सांगते : दुपारी मीठ-जिरं घातलेलं पेलाभर ताक आणि संध्याकाळी उसळीचा वाटीभर कट घ्या, गूळ न घालता. गोळे आठवडाभरात थांबले नाहीत तर डॉक्टरांना दाखवा. पोटाचं कारण तर तुमच्या पत्रातच आहे. काकडी, पनीर आणि मूठभर बदाम यांत चोथा असा कितीसा मिळणार? पालेभाजी कुठे गेली?

आता आकडे. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कार्बोहायड्रेट, म्हणजे अन्नातला स्टार्च आणि साखर, घेतली तर त्याला साधारणपणे लो कार्ब म्हणतात. ५० च्या खाली गेलं की ते कीटोच्या हद्दीत जातं, म्हणजे शरीर साखरेऐवजी मुख्यतः चरबी जाळून त्यातून निघणाऱ्या कीटोनवर चालायला लागतं. कीटो आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. ६.१ एचबीए१सी असलेल्या, बँकेत काउंटर सांभाळणाऱ्या बाईला पहिल्याच आठवड्यात तिथे जायची काहीएक गरज नाही. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात या टप्प्यावर १३ कोटी ६० लाख लोक आहेत, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. इथून मागे फिरता येतं.

व्हिडिओच्या आधी तुम्ही काय खात होतात ते पत्रासोबतच्या कागदावर लिहिलंय, त्यातल्या कार्बोहायड्रेटची मी ग्रॅममध्ये बेरीज केली. दोन कप चहात मिळून चार चमचे साखर, २० ग्रॅम. सकाळचे पोहे, कोरडे धरले तर मोठी मूठभर, ४५. दुपारी तीन पोळ्या ६० आणि वाटीभर भात ४०. चारला चार मारी बिस्किटं, १८. रात्री दोन पोळ्या आणि पुन्हा भात, मिळून ८०. वर एक केळं, २५. वरण, दूध, भाजी धरली की आकडा सहज तीनशेच्या पुढे जातो. आणि या ताटात प्रथिनं म्हणावीत तर पातळ वरणातली तेवढी! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून दिवसाच्या ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ऊर्जा यावी असं म्हटलंय. आपल्याकडे ती ५० ते ७० टक्के असते. तुमच्या घरचं ताट काही जगावेगळं नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी ताट वाढायचा क्रम बदलायला लावते. आधी उसळ, अंडी, पनीर किंवा मासळी वाढायची. मग भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या जागेत भाकरी. आपण नेमकं उलटं करतो, आधी तीन पोळ्या आणि मग त्या संपवायला लागेल तेवढी भाजी.

पहिले दोन आठवडे फक्त साखर, बिस्किटं आणि रात्रीचा भात बंद करा. बाकी काही हलवू नका. चहा हळूहळू बिनसाखरेवर आणा. नंतरच्या दिवसाचा साधारण आराखडा असा : सकाळी दोन अंड्यांचं कांदा-मेथी घातलेलं ऑम्लेट, किंवा मूग भिजवून वाटून केलेली दोन धिरडी. डब्यात एक लहान भाकरी, मटकीची मोठी वाटी उसळ, चाकवत, शेपू, माठ, तांदुळजा यांतली जी मिळेल ती पालेभाजी आणि दही घातलेली कोशिंबीर. चारला बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्री एक पोळी, पनीर किंवा अंड्याची बुर्जी, आणि दोडका, पडवळ, दुधी, गवार, फ्लॉवर असं काहीतरी भरपूर. फळात अर्धा पेरू. हे सगळं सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कार्बोहायड्रेटच्या आसपास जातं. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

तेल-तुपाबद्दल थोडं. धान्य कमी केलं आणि धास्तीने तेलही तोडलं तर अकराच्या सुमारास भुकेने हात थरथरतील आणि समोर कुणाचा तरी वाढदिवसाचा केक असेल. भाजीला नेहमीचं तेल, भाकरीवर चमचाभर तूप, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, हे खुशाल घ्या. मात्र कॉफीत लोणी फेटून पिण्याची फॅशन माझ्या गळी उतरत नाही. या आहारात काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल चढतं, म्हणून तीन महिन्यांनी एचबीए१सीबरोबर लिपिड प्रोफाइल ही कोलेस्टेरॉलची तपासणीही करून घ्या.

घरात वेगळा स्वयंपाक करू नका. भांडं एकच, ताटातलं प्रमाण तेवढं वेगळं. दोन स्वयंपाक कराल तर महिन्याभरात हा नाद सोडाल, आणि तेव्हा दोष तुम्हाला देता येणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी ५९ वर्षांचा, निवृत्त शिक्षक. बारा वर्षं शुगर आहे. मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ आणि डॅपाग्लिफ्लोझिन दिवसातून एकदा. बीपीची गोळी आहेच. माझ्या मित्राने भात-पोळी सोडली आणि त्याच्या गोळ्या सुटल्या. मीही सोमवारपासून सुरू करतो आहे. आशीर्वाद असावा.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : काका, आशीर्वाद नाही. सोमवार पुढे ढकला.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही भाकरी खाल्लीत की नाही, ते तिला कळत नाही. ताटातलं धान्य निम्मं झालं आणि गोळी तेवढीच राहिली तर साखर एकदम खाली जाऊ शकते : घाम, थरथर, भोवळ. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांना हाच धोका अधिक. दुसरी गोष्ट डॅपाग्लिफ्लोझिनची. ही गोळी आणि तिच्या जातीची एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कार्बोहायड्रेट फार तोडली, तर रक्तात कीटोन साचून कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्ल होणं, होऊ शकतो, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर आकडा बघून स्वस्थ बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. बीपीही या आहारात उतरतं, म्हणजे तीही गोळी जड होण्याची शक्यता.

तुमच्या मित्राच्या गोळ्या सुटल्या याचा मला आनंदच आहे. त्या त्याच्या डॉक्टरांनी सोडवल्या की त्याने आपणच, हे मात्र विचारून घ्या. तुमच्या डॉक्टरांकडे जाताना, मी किती धान्य कमी करणार आहे हे कागदावर लिहून न्या. नुसतं 'डाएट करतोय' म्हणालात तर ते मान डोलावतील आणि पुढचा पेशंट बोलावतील. गोळ्यांचं ठरल्यावर पहिला महिना घरी साखर तपासत राहा. जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी, आणि अंगात कसंसं होईल तेव्हा लगेच. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

टाइप १ मधुमेह, किडनीचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, यांनीही या पानावर वाचून काही सुरू करू नये.

प्रश्न : ज्वारीची भाकरी शुगरला चांगली, म्हणून मी पोळी सोडून भाकरीच खातो. दोन वेळच्या मिळून चार. तरी जेवणानंतरची साखर २१० येते. असं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कारण ज्वारी म्हणजेही धान्यच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६८ ते ७० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतात, गव्हापेक्षा काही कमी नाहीत. तिच्यात चोथा चांगला, पोट भरतं, ग्लूटेन नाही, हे सगळं खरं. मलाही भाकरीच आवडते. पण एकदा तराजू आणून परातीतला गोळा मोजा. पुण्या-मुंबईचा फुलका २५-३० ग्रॅम पिठाचा. तुमच्या-आमच्या भागातली हातावर थापलेली भाकरी ७०-८० ग्रॅमला सहज जाते. म्हणजे एका भाकरीत पन्नासेक ग्रॅम, चारांत दोनशे. सोलापूरची कडक भाकरी आणखी फसवी. पापडासारखी कुडुम कुडुम मोडत, शेंगाचटणीबरोबर माणूस दोन कधी संपवतो कळत नाही.

गोळा ४० ग्रॅमचा करा, एका वेळी एकच भाकरी. बाकी पोट उसळीने, पिठल्याने, भाजीने भरा. पिठलंही बेसनाचं, त्यातही पीठ आहेच, पण प्रथिनंही आहेत, वाटीभर चालतं. बाजरी आणि नाचणीला हाच हिशेब लावा. २१० चा आकडा मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : श्रावणी सोमवार, शनिवार, एकादशी असे माझे उपास असतात. उपासाला धान्य नाही, म्हणजे आपोआप लो कार्बच झालं ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : असं असतं तर श्रावणात सगळा महाराष्ट्र बारीक झाला असता! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट आणि प्रथिनं नावालाच. खिचडीची बशी भरायला ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा लागतो. त्यातच पन्नासच्या वर गेलात, बटाटा अजून घातलेलाच नाही. दुपारी वरीचा भात, संध्याकाळी रताळ्याचा कीस, मधे बटाट्याचे वेफर्स. उपासाच्या दिवशी तुमच्या पोटात रोजच्याहून जास्त स्टार्च जातो.

करायचाच असेल तर दाण्याची आमटी वाटीभर, काकडीची दाण्याचं कूट घातलेली खमंग कोशिंबीर, दही, ताक, पनीर, ओलं खोबरं, लाल भोपळ्याचं भरीत. राजगिऱ्याचं एखादं लहान थालीपीठ. काकडी किंवा भोपळा उपासाला चालतो की नाही हे घरोघरी वेगळं, त्यात मी पडत नाही. साबुदाणा खायचाच झाला तर साबुदाणा निम्मा आणि कूट दुप्पट. खिचडी मोकळीही होते.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात मेसला जेवतो, एमपीएससी करतोय. वजन ९२. पनीर, बदाम, अॅव्होकाडो परवडत नाही. लो कार्ब हे श्रीमंतांचंच आहे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अॅव्होकाडो विसर. तुझ्याजोगत्या चार गोष्टी : अंडी, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या आणि मोड आलेली कडधान्यं. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं आणि कार्बोहायड्रेट नावाला. सोयाबीनच्या वड्या शंभर ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतात, एका वेळी तीस ग्रॅम भिजवल्यास पुरेत. रूमवर इलेक्ट्रिक किटली असेल तर अंडी त्यात उकडतात (घरमालकाला विचारून!). मेसच्या ताटातल्या चार पोळ्यांच्या दोन कर, भात वाढू देऊ नको, आणि काकूंना सांगून त्या बदल्यात उसळ जास्तीची घे. त्यांनाही तोटा नाही. मेसची बटाट्याची भाजी भाजीत मोजू नको, ती पोळीच्या बाजूची. रात्री अभ्यासाला बसलास की चहा-क्रीमरोलऐवजी फुटाणे. त्यांतही कार्ब आहेत, मूठभरच.

आणि तुझे मित्र दोन वेळा जेवण्याची पद्धत करत असतील, डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली, तर तिचा मुख्य भर किती वेळा खायचं यावर आहे. लो कार्बचा भर काय आणि किती यावर. दोन्ही एकदम सुरू करू नको. काय बाधलं आणि काय लागू पडलं ते कळणार नाही.

प्रश्न : साखर सोडली, आता गूळ आणि मध चालेल ना? सेंद्रिय आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. सेंद्रिय असला तरी नाही.