रस्ता सुरक्षेची राष्ट्रीय पुस्तिका प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या उपयोगाची कशी होईल?

रस्ता सुरक्षेसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक पुस्तिका नव्याने लिहायची झाल्यास, ती प्रत्यक्ष रस्त्यावर काम करणाऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून तिच्यात काय असावे, असे आपण विचारले आहे. सातारा जिल्ह्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे हे उत्तर आहे.

नियमांचा तुटवडा आपल्याकडे नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसची फलकांसाठी, रस्त्यावर आखायच्या पट्ट्यांसाठी आणि सुरक्षा ऑडिटसाठी स्वतंत्र प्रकाशने आहेत. परंतु ही प्रकाशने एकेका वस्तूविषयी बोलतात, आणि शाखा अभियंत्यापुढे वस्तू नसते, जागा असते.

कोरेगावकडच्या एका फाट्यावर अपघात झाल्यावर गावकऱ्यांनी रस्ता अडवला आणि मी रातोरात गतिरोधक घातला. काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनात १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची असे माप स्पष्ट दिले होते. माझा गतिरोधक म्हणजे डांबराचा उभा वरंबा झाला, त्यावर पट्टेही नव्हते, आणि आठवड्याच्या आत दुचाकीवर मागे बसलेली एक बाई त्यावरून पडली. मूळ कारण वेगळेच होते. कोपऱ्यावरच्या उभ्या उसामुळे फाट्यावरून येणारे वाहन दिसत नव्हते. पुढे शेतकऱ्याशी बोलून कोपऱ्यातल्या चार सऱ्या मोकळ्या ठेवल्या, तेव्हा कुठे दोन्हीकडचे दिसू लागले. ‘आधी दृष्टी तपासा, मग वेग’ एवढा क्रम कोणत्याही पुस्तिकेने मला सांगितला नव्हता, किंवा सांगितला असल्यास तो माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेच्या, व्याख्येचेही तसेच आहे. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू, ही अट महामार्गावर लागू पडते. गावाकडच्या रस्त्यावर मात्र अपघात विखुरलेले असल्याने कोणतीच जागा यादीत येत नाही. अशा रस्त्यांसाठी अपघाताची वाट न पाहता काय पाहावे, हे पुस्तिकेने सांगावे. गाळप हंगामात रात्री मागचा दिवा वा रिफ्लेक्टर नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आमच्याकडे रोजचे आहेत, त्यांचाही विचार तिच्यात हवा.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, रस्त्याची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे ‘योग्य ती उपाययोजना करावी’ असली वाक्ये तर मुळीच नकोत.

मसुदा छापण्यापूर्वी खंबाटकीसारखा घाट, उसाच्या पट्ट्यातला रस्ता आणि सांगलीसारख्या शहरातला चौक सांभाळणाऱ्या तिघांना तो मराठीत द्यावा, आणि जिथे ते अडतील ती पाने पुन्हा लिहावीत.