आखलेल्या रेघेवरून सुई घसरते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्री-मोशन क्विल्टिंग, म्हणजे थरांचं कापड मशीनखाली हातानेच फिरवत नक्षी शिवणं, सुरू करून दोन महिने झाले, कापडावर पाकळ्यांची नक्षी नीट उतरवून घेता, पण शिवताना सुई कधी रेघेच्या आत, कधी बाहेर. म्हणून आखायचं पेन बदलावं का, निळं बरं की जांभळं?

पेनांबद्दल लिहितेच, पण पेन बदलून ही तक्रार जाणार नाही. रेघ आखली की डोळे सुईला चिकटतात. सुई घसरली हे दिसेपर्यंत तीन टाके पडून गेलेले असतात, मग हात घाईने कापड उलट दिशेला ओढतो आणि पाकळीला कोपरा येतो. नजर सुईच्या बोटभर पुढे हवी, जिथे जायचंय तिथे. आणि रेघ चुगलखोर असते. आखणी नसती तर किंचित फुगलेली पाकळी ही नुसती फुगलेली पाकळी असते. आखणी असली की तीच चूक ठरते.

म्हणून आधी काही दिवस मशीन झाका आणि कागद-पेन्सिल घ्या. तीच पाकळी पेन्सिल न उचलता काढायची. देठापासून डावीकडून वर, टोकाशी क्षणभर थांबून उजवीकडून खाली, परत देठाशी आणि तिथूनच पुढच्या पाकळीत. पेन्सिल उचलावीशी वाटली तिथे मशीनवरही अडकणार हे नक्की, कारण सुईला उडी मारता येत नाही. पानंच्या पानं भरा. कुणाशी बोलता बोलता पाकळी नीट यायला लागली की समजा वाट हाताला पाठ झाली. मला हे काम फार कंटाळवाणं वाटायचं आणि मी ते वर्षभर टाळलं. ते वर्ष वाया गेलं असं आज सरळ म्हणते.

मशीनवर बसताना: फीड डॉग, म्हणजे सुईखालचे दाते, खाली करा किंवा झाका, टाक्याची लांबी शून्यावर (टाका किती लांब पडणार ते आता तुमचा हात ठरवतो), आणि डार्निंग फूट, म्हणजे कापडाला घट्ट न दाबणारं पाऊल, लावा. फूटचा दांडा खाली केलाय ना ते बघा. या फूटखाली कापड मोकळंच फिरतं, त्यामुळे दांडा वर राहिला तरी वरून कळत नाही. कळतं ते खाली दोऱ्याचा गुंता झाल्यावर. इतक्या वर्षांनी अजूनही महिन्यातून एकदा माझं हे होतंच. उलट, दोरा ओवताना मात्र दांडा वर हवा, नाहीतर दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.

सरावाचे तुकडे ३५-४० सेंमी चौरस ठेवा: वर-खाली सुती कापड, मध्ये बॅटिंग, म्हणजे भरावाचा मऊ थर, आणि तिन्ही त्याच जातीचे जे खऱ्या क्विल्टला वापरणार आहात. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा वेगळ्या रंगांचे घ्या, मग ताण डोळ्यांना दिसतो. बॉबिनच्या रंगाचे ठिपके वर आले तर वरचा ताण जास्त आहे, थोडा सैल करा. वरच्या दोऱ्याचे फास मागे दिसले तर थोडा वाढवा. पण तुकडा उलटा करून नीट बघा. सरळ भागात टाके छान आणि फक्त वळणांवर मागे पापण्यांसारखे तिरपे दोरे आले असतील, तर ताणाचं बटण पिळू नका. ते हाताचं काम आहे. वळण आलं की आपण नकळत हात झटकतो, मशीन मात्र आपल्या चालीनेच चालतं. तुमच्या पाकळ्यांच्या टोकांशी हेच होत असणार अशी मला दाट शंका आहे.

नवशिक्या माणूस मशीन भीत भीत हळू चालवतो आणि हात मात्र भराभर फिरवतो, मग टाके अर्ध्या बोटाएवढे पडतात. पायाचा दाब मध्यम आणि एकसारखा ठेवा. मशीनचा आवाज ऐका, तो एका सुरात यायला हवा. टाका साधारण २ ते अडीच मिमीचा पडला की हात आणि पाय जुळले. दोन्ही तळहात सुईच्या दोन बाजूंना, मधल्या वीतभर जागेतच शिवायचं. ती संपली की थांबा, सुई खाली रुतवून ठेवा, मग हात सरकवा. चालू मशीनवर हात बदलायला गेलात की तिथे हमखास बाक येतो. रबरी बोटांचे हातमोजे मिळाले तर जरूर घ्या. मोठा क्विल्ट टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नका, त्याचं वजनच रेघ बिघडवतं.

सुट्टीच्या दिवशी तीन तास बसण्यापेक्षा रोज १५ मिनिटं बरी. आधी एकमेकांना न छेदणाऱ्या नागमोडी ओळी, मग गाठीसारखी वेटोळी, आणि नंतर पाकळ्या. तुकडा भरला तर त्यावरच दुसऱ्या रंगाचा दोरा चालवा. दोऱ्याचा प्रकार, सुईचा नंबर, ताणाचा आकडा तुकड्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

आता नक्षी उतरवणं. फिकट कापडाला खालून उजेड देऊन गिरवणं सगळ्यात सोपं, काचेच्या खिडकीवर चिकटवलं तरी चालतं. पण हे तिन्ही थर जोडायच्या आधी करायचं. बॅटिंग खाली आलं की उजेड अडतो.

निळं, पाण्याने जाणारं पेन मी सगळ्यात जास्त वापरते. ते साध्या थंड पाण्यात कापड पूर्ण बुडवून घालवायचं. नुसतं वरून शिंपडलं तर शाई बॅटिंगमध्ये उतरते आणि वाळल्यावर पुन्हा वर डोकावते. रेघा असताना इस्त्री तर अजिबात नाही. माझ्या एका पांढऱ्या क्विल्टवर घाईत एका कोपऱ्यावरून इस्त्री फिरली, तिथली तपकिरी रेघ आजही आहे. जांभळं पेन हवेने आपोआप उडतं, म्हणून आज शिवून होईल तेवढंच आखा. इस्त्रीने मिटणाऱ्या पेनाची शाई सुमारे ६० अंश सेल्सियसला दिसेनाशी होते, पण कापडातच राहते आणि उणे १० अंशांच्या आसपासच्या थंडीत पुन्हा उमटू शकते. मी ते सरावाच्या तुकड्यांपुरतंच ठेवते. कुठलंही पेन असो, त्याच कापडाच्या कातरणावर आखून, एक दिवस ठेवून, धुऊन बघा.

गडद कापडाला खडू किंवा झिजून पातळ झालेल्या साबणाच्या वडीची कड. दोन्ही हाताखाली पुसलं जातं, म्हणून एकेक चौकोन आखायचा आणि शिवायचा. ऑफिसातला कार्बन पेपर नको, त्याचा मेणकट डाग निघत नाही.

तीच नक्षी पुन्हा पुन्हा हवी असेल तर आठ-दहा पातळ कागदांची गड्डी करा, वरच्यावर नक्षी काढा आणि जुनी सुई लावून, दोरा न ओवता रेघेवरून मशीन चालवा. सगळ्या कागदांना एकदम भोकं पडतात. मग कागद कापडावर ठेवून खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून हलकेच घासायची, ठिपक्यांची नक्षी उमटते. यात हाताला सरावही होतो, आणि चुकला तर कागदच वाया जातो. तेच कागद क्विल्टवर टाचून वरून शिवता येतात आणि नंतर फाडून काढता येतात; फक्त टाके बारीक ठेवा, म्हणजे कागद शिवणीवर सहज सुटतो. उरलेले कपटे चिमट्याने वेचावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

आणि आखायचा कंटाळाच असेल तर अस्तराला मोठ्या फुलांचं छापील कापड घ्या, क्विल्ट उलटा करा आणि त्या छापील रेघांवरून मागूनच शिवा. समोर साध्या कापडावर तीच फुलं येतात. समोर दिसणार तो बॉबिनचा दोरा, म्हणून चांगला दोरा बॉबिनवर भरा. शिवताना समोरची बाजू दिसत नाही, त्यामुळे तीन थर सेफ्टी पिनांनी चार-चार बोटांवर टाचून घ्या, आणि पिना आता मागच्या, म्हणजे तुमच्या बाजूने लावा. मी एकदा त्या समोरून लावल्या होत्या. शिवताना एकेक पिन चाचपत काढावी लागली, आणि एक सुईखाली आलीच.