हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टो कॉइनसाठीचं छोटं डिव्हाइस) हरवलं, बिघडलं किंवा कंपनीच बंद पडली तर कॉइन जातात का? सेटअप करताना काय काळजी घ्यायची?

नाही जात. कॉइन त्या डिव्हाइसमध्ये नसतातच मुळात, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक खातेवहीत असतात, डिव्हाइसमध्ये असते ती फक्त ते हलवायची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली. आणि ती की निघते सेटअपच्या वेळी स्क्रीनवर दिसणाऱ्या १२ किंवा २४ शब्दांमधून, म्हणजे सीड फ्रेजमधून. हे शब्द बीआयपी ३९ नावाच्या, २०१३ पासून चालत आलेल्या स्टँडर्डच्या २०४८ शब्दांच्या यादीतले असतात, त्यामुळे उद्या कंपनीला टाळं लागलं तरी तेच शब्द दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये टाकून सगळं परत मिळतं. फक्त ट्रेझर कंपनीची नवीन मॉडेल २० शब्द देतात, ते वेगळं स्टँडर्ड आहे, सगळ्या वॉलेटमध्ये चालत नाही, तेवढं डोक्यात ठेवा.

पण याची दुसरी बाजू अशी की ज्याच्या हाती ते शब्द लागले त्याला ना तुमचं डिव्हाइस लागतं ना पिन. आणि तरी लोक डिव्हाइस तिजोरीत ठेवतात आणि शब्दांचा फोटो फोनमध्ये, हे बघून मला खरंच कळत नाही काय बोलावं. गॅलरी आपोआप क्लाउडवर जाते बाबांनो!

खरेदी थेट कंपनीकडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून करा, सेकंडहँड नकोच. बॉक्समधल्या कार्डावर शब्द आधीच लिहून आले असतील किंवा पिन आधीच सेट असेल तर तिथेच थांबा, ते डिव्हाइस वापरायचं नाही, शब्द कायम तुमच्यासमोर डिव्हाइसनेच तयार केले पाहिजेत. ॲप पण कंपनीच्या साइटवर जाऊन तिथूनच घ्या, सर्च करून पहिली लिंक दाबू नका. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲप स्टोअरवर चक्क खोटं लेजर लाइव्ह (लेजर या वॉलेट कंपनीचं ॲप) आलं होतं आणि लोकांचे पैसे गेले.

शब्द पेनने कागदावर लिहा, प्रत्येकाला नंबर घाला कारण क्रम बदलला की सगळं बदललं. अक्षर वाईट असेल तरी पहिली चार अक्षरं स्पष्ट काढा, इंग्रजी यादी अशी बनवलीय की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करतच नाहीत. मोठी रक्कम टाकायच्या आधी थोडीशी टाका, वॉलेटचा ॲड्रेस (कॉइन ज्यावर येतात तो खाते क्रमांकासारखा अक्षर-आकड्यांचा कोड) बाजूला लिहून ठेवा आणि मग डिव्हाइस मुद्दाम पुसून टाका. लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला की रिसेट होतं, ट्रेझरवर त्याहून जास्त चुका लागतात, किंवा सेटिंगमधूनही पुसता येतं. मग कागदावर बघून शब्द परत डिव्हाइसवरच टाका आणि तोच ॲड्रेस, तीच रक्कम दिसते का बघा. डिव्हाइसने शब्द स्वीकारले म्हणजे झालं असं समजू नका, कारण शेवटच्या शब्दात जो चेकसम, म्हणजे ताळा, असतो तो चुका पकडतो पण सगळ्या नाही, १२ शब्दांत एखादा चुकला तरी साधारण १६ मध्ये एकदा तो फ्रेज वैध ठरतो आणि तुमच्यासमोर रिकामं वॉलेट उघडतं. २४ शब्दांत हे २५६ मध्ये एकदा. म्हणून ॲड्रेस जुळवून बघायचा. पोटात गोळा येतो पुसताना, मान्य आहे, पण तो थोड्या पैशांवर आलेला बरा.

एक्सचेंजवरून, म्हणजे कॉइन विकत घेतले त्या साइटवरून, ते काढताना ॲड्रेस कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नाही तर डिव्हाइसच्या छोट्या स्क्रीनवर दिसतो तो खरा धरा. कॉपी केलेला ॲड्रेस पेस्ट करताना गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत, आणि तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत मुद्दाम सारखाच दिसणारा ॲड्रेस घुसवणारेही आहेत, सुरुवातीची नि शेवटची अक्षरं तीच, मधली वेगळी. त्यामुळे सगळा वाचा, कंटाळा आला तरी. नेटवर्कही, म्हणजे कॉइन कुठल्या ब्लॉकचेनवरून जाणार ते, दोन्हीकडे एकच निवडलंय ना ते बघा.

डिव्हाइसवर बटण दाबलं म्हणजे तुम्ही सही केली, आणि चुकीच्या गोष्टीवर केलेली सही कुठलंच वॉलेट परत घेत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेव्हा सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होतंच की! कॉम्प्युटरवर व्यवहार नेहमीचा दिसत होता, प्रत्यक्षात सही होत होती भलत्यावरच. डिव्हाइस काय दाखवतंय ते कळत नसेल तर रिजेक्ट करा, आणि एअरड्रॉप (फुकट कॉइन वाटप) वगैरेच्या साइटला मुख्य वॉलेट जोडूच नका, त्यासाठी वेगळं किरकोळ वॉलेट ठेवा.

फोन, ईमेल, पत्र कशावरही शब्द मागितले तर समोरचा चोर आहे, मग लेटरहेड कितीही झकास असो. २०२० मध्ये लेजरच्या गिऱ्हाइकांचा डेटा फुटला, अडीच लाखांहून जास्त लोकांचे पत्ते नि फोन नंबर बाहेर गेले, आणि पुढे काहींच्या घरी चक्क बनावट डिव्हाइस पार्सलने आले, सोबत "सुरक्षेसाठी हे वापरा" अशा अर्थाचं पत्र.

आणि पासफ्रेज, म्हणजे सीड फ्रेजला आपण स्वतः जोडायचा जादा गुप्त मजकूर, ज्याला लोक पंचविसावा शब्द म्हणतात, तो सुरुवातीला लावू नका असं माझं मत. डिव्हाइस चोरून चिप खोलणाऱ्यापासून तो वाचवतो हे खरं, पण पासफ्रेजमध्ये एक स्पेस जरी चुकली तरी एरर येत नाही, सरळ दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं, आणि विसरलात तर शब्द जवळ असूनही उपयोग नाही. आधी वरची पुसून परत उभं करायची तालीम एकदा नीट जमू द्या, मग लावायचा तर लावा, आणि तो शब्दांच्या कागदावरच लिहून ठेवू नका.